आधी दहा जणी, मग कोर्स

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर. बैठकीला येऊ न शकलेल्या सख्यांसाठी देत आहोत.)



मागच्या बैठकीत चहाच्या वेळी एका ताईंनी त्यांचा मोबाईल माझ्यापुढे धरला. शहरातली एक बाई वारली चित्र शिकवत होती. आठ दिवसांचा वर्ग, फी आठशे रुपये. ताई म्हणाल्या, "ही आमचीच चित्रं ना? मग हिला पैसे मिळतात, आम्हाला का नाय?" शेजारच्या मावशींनी मोबाईल हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाल्या, "नाचणाऱ्यांचे हात सुटे काढलेत. सुट्या हातांनी तारपा नाचतात होय?"

सगळ्या हसल्या. पण मला रात्रभर ते वाक्य आठवत राहिलं. त्या शहरातल्या बाईने काही गुन्हा केलेला नाही, चित्र कुणीही शिकावं आणि शिकवावं. पण जिला हात कुठे असतात ते ठाऊक आहे, ती मोखाड्याच्या पाड्यावर बसली आहे आणि तिच्याकडून शिकायला कुणी येत नाही. आपल्याला मोबाईलवर वर्ग घेता येईल का, घ्यायचा तर सुरुवात कुठून करायची, यावर मी आज बोलणार आहे. आणि सुरुवात माझ्या फजितीपासून करते, म्हणजे तुम्ही तरी ती करू नका.

दोन वर्षांपूर्वी मी नवीनच कामाला लागले होते. समाजकार्याची पदवी घेतलेली, अंगात जोश. एका गटाच्या मुलींना घेऊन मी वारलीचे सहा व्हिडिओ केले. चांगले कपडे, मागे चादर लावलेली, पार्श्वसंगीत. मग व्हॉट्सॲपवर ग्रुप उघडला आणि माझ्या फोनमधले दीडशे नंबर एका रात्रीत त्यात घातले. कॉलेजच्या मैत्रिणी, नातेवाईक, गॅस एजन्सीवाला, सगळे. कुणाला विचारलं नाही. सकाळपर्यंत चाळीस जण बाहेर पडले होते. उरलेल्यांनी शुभ सकाळच्या फुलांचे फोटो टाकले. एकाने घर विकायची जाहिरात टाकली. आठव्या दिवशी मी फीचा मेसेज टाकला तेव्हा तीन जणींनी पैसे भरले, त्यातली एक माझी मावसबहीण. एका अनोळखी माणसाने ग्रुपमधून आपल्या मुलीचा नंबर घेतला आणि तिला रात्री फोन करायला लागला. तिच्या वडिलांनी फोनच काढून घेतला. ती मुलगी पुढचे चार महिने गटाच्या कामाला आली नाही. व्हिडिओ फुकट गेले त्याचं मला तेवढं वाटत नाही. ही गोष्ट मात्र माझ्या अंगावर आहे.

आता उलट विचारते. तुमचा बचत गट कसा झाला? कुणी आधी बँकेतून कर्ज आणलं आणि मग बाया गोळा केल्या का? नाही. आधी एका पाड्यावरच्या दहा-बारा जणी बसल्या. कुणाचा कुणावर विश्वास आहे ते पाहिलं. थोडी थोडी बचत केली. पंचसूत्री तुम्हाला झोपेतही पाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे. कर्जाचे मोठे आकडे त्यानंतर आले. मी मात्र कर्ज आधी आणलं आणि बाया नंतर शोधल्या. शहरात याला ऑनलाइन कम्युनिटी म्हणतात. मी गोतावळा म्हणते. गोतावळा नसेल तर कोर्स म्हणजे नुसते व्हिडिओ, आणि व्हिडिओ तर यूट्यूबवर फुकट पडलेत.

हे फक्त माझं मत नाही, आपल्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शाळा बंद झाल्या, ऑनलाइन शिका म्हणून आदेश आले आणि आपल्या पाड्यांवर ना फोन ना नेटवर्क. तेव्हा दिगंत स्वराज फाउंडेशनने आपल्या भागात 'बोलकी शाळा' चालवली. स्पीकरवर धडे वाजायचे, कार्यकर्ते तो स्पीकर घेऊन पाड्यापाड्यावर फिरायचे. पोरं त्याला स्पीकर दादा, स्पीकर ताई म्हणायला लागली होती. इंटरनेट नव्हतं तरी शिकणं चाललं, कारण ठरलेल्या वेळी कुणीतरी येत होतं आणि पोरं एकत्र बसत होती. माझ्या सहा व्हिडिओंकडे इंटरनेट होतं, चादर होती, संगीत होतं. ठरलेल्या वेळी येणारं कुणी नव्हतं.

आता वारलीच का, तेही सांगते, कारण काही गटांना पापड, मोहाचे लाडू, बोहाड्याचे मुखवटे यांचेही वर्ग घ्यायचे आहेत. घ्या की. पण वारलीची गोष्ट मला बायांना मुद्दाम सांगावीशी वाटते. लग्नाचा चौक भिंतीवर कोण काढायचं? सवाशिणी. गाणी कोण म्हणायची? धवलेरी. शेणाने, गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि बांबूची चेचलेली काडी. हे बायांचं काम होतं. १९७० नंतर भास्कर कुलकर्णी डहाणू भागात आले, त्यांनी कागद आणि रंग दिले, आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांची चित्रं जगभर गेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मशे बाबा मोठेच कलाकार, त्याबद्दल दुमत नाही. पण चित्र भिंतीवरून कागदावर आलं, कागद बाजारात गेला, आणि बाजारात बहुतेक पुरुष गेले. बाया भिंतीपाशी राहिल्या, आणि भिंती आता सिमेंटच्या झाल्या. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. डहाणूच्या आदिवासी युवा सेवा संघाने त्यासाठी अर्ज केला होता. म्हणजे ही कला कोणत्या मातीतली आहे, हे कागदोपत्री नोंदवलेलं आहे. तुम्ही वर्ग घ्याल तेव्हा हे एक वाक्य पहिल्याच दिवशी सांगा.

मागच्या वर्षी आम्ही दुसऱ्यांदा सुरुवात केली. या वेळी ना व्हिडिओ केले, ना ग्रुप उघडला. नुसती वही घेतली. पावसाळ्यात जव्हारला पर्यटक येतात, दाभोसा धबधबा बघतात, राजवाडा बघतात. गटाच्या स्टॉलवर जो चित्र घेईल त्याला मुली एकच प्रश्न विचारायच्या, "हे काढायला शिकायचंय का? फोनवर शिकवू. नंबर द्याल का?" हो म्हणाला तरच नंबर वहीत, पुढे नाव, गाव आणि शिकायचंय कुणाला ते. काही नंबर सरस प्रदर्शनाला गेलेल्या ताईंनी आणले. दोन महिन्यांत छप्पन्न नंबर झाले. त्या सगळ्यांना आम्ही एकेक करून फोन केला. हो, फोन! मेसेज नाही. विचारलं की काय शिकायचंय, वेळ कधी असतो, याआधी कुठे शिकलात का, मग का सोडलंत. "का सोडलंत" हा प्रश्न सगळ्यात कामाचा निघाला. बऱ्याच जणींनी एकच सांगितलं, चित्र काढून पाठवलं पण कुणी बघितलं नाही.

पहिल्या खेपेला दहाच जणी घेतल्या. फी घेतली नाही, पण फुकटही ठेवलं नाही. पाच आठवडे दर शनिवारी चित्र पाठवायचं, आणि काय कळलं नाही ते न लाजता सांगायचं, एवढी अट घातली. व्हिडिओ एकेका आठवड्याचा, आदल्या दिवशी केलेला, पाच-सात मिनिटांचा. मोबाईल तांदळाच्या डब्यावर टेकवला, खिडकीजवळचा उजेड घेतला. शिकवणाऱ्या मावशींनी आधीच सांगितलं होतं, "माझे हात दिसू दे, तोंड नको." तसंच केलं. कुणाची तक्रार आली नाही, चित्र हातानेच काढतात.

पाचही व्हिडिओ आधी करून ठेवले असते तर फसलो असतो. पहिल्याच आठवड्यात कळलं की पुण्या-मुंबईत बांबूची काडी मिळत नाही. मावशी विचारात पडल्या, मग म्हणाल्या, अगरबत्तीची काडी चेचून घ्या. दुसऱ्या आठवड्यात कळलं की बाया दोन त्रिकोण जोडून माणूस काढतात पण त्याला चालवता येत नाही, सगळे कवायतीला उभे असल्यासारखे. मग तिसरा पाठ मावशींनी ठरवलेला बाजूला ठेवला आणि फक्त चालणारी, वाकलेली, ओझं घेतलेली माणसं शिकवली. कंबर कुठे वाकते ते दाखवायला त्या स्वतः हंडा घेऊन उठल्या. तो पाठ सगळ्यांना सर्वात जास्त आवडला.

लग्नाचा चौक शिकवायचा का, यावर गटात मोठी चर्चा झाली. एका शिकणारीने मागितला होता, जास्त पैसे देते म्हणाली. मावशी म्हणाल्या, "पालघट देवीचा चौक लग्नाशिवाय काढायचा नाय. झाड शिकवीन, शेत शिकवीन, तारपा शिकवीन. चौक नाय." मुलींचं म्हणणं होतं की पुस्तकांत तर छापलेलाच आहे, आपण नाही शिकवला तर दुसरी कुणी शिकवेल. मला दोन्ही बाजू पटत होत्या. शेवटी गटाने मावशींचं ऐकलं, आणि का शिकवणार नाही ते शिकणाऱ्यांना नीट समजावून सांगितलं. एकही जण त्यामुळे गेली नाही. तुमच्या गटात हा निर्णय तुम्ही तुमचा घ्या, पण पैसे मागणारीसमोर अडखळत नको, आधीच बसून घ्या.

दर शनिवारी आलेल्या प्रत्येक चित्राला मावशी आवाजात उत्तर द्यायच्या. त्यांना लिहिता येत नाही, पण बोलायला कुठे शाळा लागते? "बेस काढलंस बाय, पण बैलाला शिंगं दे, नायतर गाढव वाटतं." ती आवाजाची चिठ्ठी शिकणाऱ्या बाया घरच्यांना ऐकवायच्या. चौथ्या आठवड्यात एक गंमत झाली. नाशिकच्या एकीने विचारलं, रंग कागदावर पसरतो, काय करू? मावशी शेतावर होत्या. त्यांच्या आधी ठाण्याच्या दुसरीने उत्तर दिलं, "पाणी कमी घे, मलापण तसंच होत होतं." मी त्या दिवशी गटाच्या मुलींना म्हटलं, आता गोतावळा जमला. शिकणारी शिकणारीशी बोलायला लागली की तुम्ही चोवीस तास फोनला चिकटून बसायची गरज नाही.

जाहिरातीचं मी वेगळं काय सांगू? त्या दहा जणींनी शेवटचं चित्र आपापल्या स्टेटसला लावलं आणि खाली लिहिलं, जव्हारच्या मावशींकडे शिकले. आम्ही तेवढीच विनंती केली होती. त्यातून पुढच्या वर्गाला चौदा जणी आल्या, आणि त्यांनी तीनशे रुपये फी भरली. चार हजार दोनशे रुपये. रिचार्ज आणि कागद-रंगाचे चारशे वजा केले, उरलेल्यातले निम्मे मावशींना, बाकीचे फोन सांभाळणाऱ्या मुलीला आणि गटाच्या खात्यात. सोनं लागलं नाही, मला माहीत आहे. पण हिशोब वहीत आहे आणि मावशींनी आपला वाटा स्वतः अंगठा देऊन घेतला.

मोठं होण्याची घाई असणाऱ्यांसाठी एक उदाहरण देते. नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे आजी तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी मोबाईलवर बघितल्या असतील. 'आपली आजी' हे त्यांचं यूट्यूब चॅनल. नातवाने कॅमेरा धरला, आजींनी घरातला स्वयंपाक आपल्याच बोलीत दाखवला आणि लाखो लोक बघायला लागले. सगळ्यांचं तसं होत नाही, आणि तसं व्हायलाच पाहिजे असंही नाही. पण ऑक्टोबर २०२० मध्ये ते चॅनल कुणीतरी हॅक केलं होतं, काही दिवसांनी परत मिळालं. एवढ्या मेहनतीचं चॅनल एका दिवसात हातातून जाऊ शकतं. म्हणून व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन आजच चालू करा. बैठक संपल्यावर मी बसते, एकेकीचं करून देते. आणि शिकणाऱ्यांचे नंबर वहीतही लिहून ठेवा, फोन हरवला तर वही राहते.

मुलींच्या नंबरांचं आता नीट ऐका, ती जुनी चूक पुन्हा नको. साध्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात. ब्रॉडकास्ट लिस्टने पाठवलं तर प्रत्येकीला वेगळा मेसेज जातो, एकमेकींचे नंबर दिसत नाहीत. पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो पोचतो, म्हणून पहिल्या फोनवरच सेव्ह करायला सांगा. आधी ब्रॉडकास्ट, आणि ज्यांनी फी भरली, ज्यांच्याशी आपण बोललो, त्यांचाच ग्रुप. शिकवणारीचा घरचा नंबर कुठेही द्यायचा नाही. गटाचं एक वेगळं सिमकार्ड घ्या, व्हॉट्सॲप बिझनेस त्यावर टाका, ते फुकट आहे. रात्री आठनंतर उत्तर नाही, असं तिथेच लिहून ठेवा. घरातल्या माणसांनाही आधी सांगा, सासूला आणि नवऱ्याला एक पाठ बघू द्या. एका घरी नवरा रोज विचारायचा, कोण फोन करतो? त्याने बैलाचा पाठ बघितला, आणि पुढच्या वेळी मोबाईल तोच धरून बसला.

पैसे घेताना एवढं लक्षात ठेवा की पैसे मिळण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. "फी पाठवलीय, पिन टाका" असं कुणी म्हटलं तर फोन ठेवा. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० ला फोन करा.

नेटवर्कची रड तुम्ही मला सांगणार, ती मला माहीत आहे, मी स्वतः टेकडीवर चढून महिन्याचा अहवाल पाठवते. म्हणून समोरासमोरचा थेट वर्ग आपल्याला परवडत नाही. आपण व्हिडिओ करून ठेवतो आणि बाजाराला जाताना, नेटवर्क मिळेल तिथे पाठवतो. शिकणाऱ्यांना तो शुक्रवारी संध्याकाळी मिळतो, एवढं पक्कं ठेवायचं. यूट्यूबवर ठेवायचा असेल तर 'अनलिस्टेड' करून ठेवा, म्हणजे ज्यांच्याकडे लिंक आहे त्यांनाच दिसतो. वेळही आपल्या कामाप्रमाणे धरा. आवणीत कुणाला श्वास घ्यायला फुरसत नसते, तेव्हा वर्ग नको. आवणी आटोपल्यापासून कापणीपर्यंतचे दिवस चांगले, आणि शहरात मे महिन्याची सुट्टी असते तेव्हाचे.

आणि दिवाळीनंतर? तोच खरा प्रश्न आहे. भात घरात आलं की निम्मे पाडे रिकामे होतात, भिवंडी-वसईकडे, वीटभट्टीवर, रेतीवर. गट तिथेच मोडतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. आम्हालाही वाटलं होतं की वर्ग बंद पडणार, कारण मावशी जोडीने भट्टीवर गेल्या. त्यांच्याजवळ सुनेचा साधा स्मार्टफोन होता. इकडे मुलीने जुने व्हिडिओ पाठवले, शनिवारी चित्रं आली, ती तिने मावशींना पुढे पाठवली. रात्री साडेआठला भट्टीवरून मावशींची आवाजाची चिठ्ठी आली. मागे ट्रकचा आवाज, कुणाचं तरी पोर रडतंय, आणि मावशी सांगतायत, "तारप्याला अजून फुगव, वारा कुठून येणार त्यात?" त्या वर्गाच्या सगळ्या चित्रांना त्यांनी भट्टीवरून उत्तरं दिली. नेटवर्क तिकडे इथल्यापेक्षा चांगलं आहे, याचं हसावं की रडावं ते मला कळत नाही. पण होळीला त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या वाट्याचे सातशे रुपये गटाच्या खात्यात जमा होते, आणि तेवढे महिने त्यांची बचत चुकली नव्हती.

यावरून आम्ही शिकलो की प्रत्येक वर्गाला दोघी पाहिजेत. एक शिकवणारी आणि एक पाड्यावर राहणारी, जी चित्रं पोचवेल. दोघी एकाच घरातल्या नकोत, नाहीतर दोघी एकदमच भट्टीवर जातात.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला ज्या गटांना सुरुवात करायची आहे त्यांनी या दोघींची नावं घेऊन यावं. व्हिडिओ आणू नका, ग्रुप उघडू नका. एक वही आणा, त्यात दहा माणसांची नावं असू देत ज्यांनी स्वतःहून शिकायचंय म्हटलंय. नातेवाईक चालतील, पण माझ्या मावसबहिणीला धरू नका, ती आता कंटाळली आहे. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांनीही या, मावशींकडेही स्वतःचा नाही. आणि आज ज्यांना टू-स्टेप करून घ्यायचंय त्या ओसरीवर थांबा, खोडाळ्याची गाडी सुटायला अजून पाऊण तास आहे.